नाटक बसवायचं आणि त्यात कामही करायचं असेल तर

दिग्दर्शक प्रेक्षागृहात बसलेला असतो तोवर नाटकाकडे कोणीतरी बघत असतं. तोच तोंडाला रंग लावून उभा राहिला की ती खुर्ची रिकामी होते आणि पुढचे बहुतेक घोटाळे त्या रिकाम्या खुर्चीमुळे होतात. म्हणून नट-दिग्दर्शकाने नाटक हातात घेतल्यावर आधी ठरवायचं ते हे: आपल्या जागी कोण बसणार, केव्हापासून, आणि त्याला काय बोलायची मुभा असणार.

त्याआधी भूमिका निवडा. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि कोणत्या प्रवेशात कोणतं पात्र किती मिनिटं समोर आहे याचा तक्ता करा. २ तासांच्या नाटकात तुमचं पात्र सव्वा तासाहून जास्त वेळ रंगमंचावर असेल, तर पहिल्या खेपेला ती भूमिका दुसऱ्याला द्या. ३०-३५ मिनिटांची, शक्यतो एकाच अंकात गोळा झालेली भूमिका बरी, म्हणजे दुसरा अंक तरी बाहेर बसून बघता येतो. ज्याला वाक्यं फारशी नाहीत पण जो अख्खा प्रवेश कोपऱ्यात बसून आहे, असं पात्र मात्र टाळाच. पाठांतर कमी म्हणून ते सोपं वाटतं, पण तिथे बसून ना नाटक धड दिसतं ना भूमिका धड होते.

कागदपत्रं हालचाली बसवायच्या आधी उरका. लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पाठवा. हे शेवटच्या आठवड्यावर ढकललं की आक्षेप ऐन रंगीत तालमीत हातात पडतो. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी ‘गिधाडे’ बसवलं, त्यात कामही केलं. तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या डागाला हरकत आली आणि लाल डाग निळा करावा लागला. डाग बदलता येतो. अख्खा प्रवेशच अडकला, तर त्याभोवती बांधलेल्या हालचाली उलगडून पुन्हा बसवाव्या लागतात, आणि नट-दिग्दर्शकाकडे तेवढा वेळ कधीच शिल्लक नसतो.

प्रॉक्सी

रोज ३ तास धरले तर दोन अंकी नाटकाला ४०-४५ तालमी लागतात. त्यातल्या पहिल्या २० ते २५ तालमींत तुमच्या भूमिकेत प्रॉक्सी, म्हणजे तुमच्याऐवजी तात्पुरता दुसरा माणूस, उभी करा. प्रॉक्सी देणारा चांगला नट असायची गरज नाही. उंची साधारण तुमच्याएवढी हवी, तो रोज वेळेवर यायला हवा आणि त्याने स्वतःचा अभिनय मध्ये आणता कामा नये. वाक्यं वाचून दाखवली तरी चालतील, पण हालचाली मात्र ठरल्या तशाच. तुम्ही समोर, रंगमंचापासून २०-२५ फुटांवर बसा. त्याहून जवळ बसलात तर चेहरे दिसतात आणि रचना निसटते.

तालमीच्या जागेत जमिनीवर टेपने नेपथ्याची खरी मापं आखा. दार ३ फुटांचं असेल तर ३ फुटांचंच. हॉल लहान पडला म्हणून सगळंच थोडं थोडं आवळू नका. एका बाजूची विंग सोडून द्या, पण मधली अंतरं खरी ठेवा. नाहीतर थिएटरमध्ये नट वाक्य संपलं तरी टेबलापर्यंत पोचलेला नसतो. उजवं-डावं नटाचं की प्रेक्षकांचं, तेही पहिल्याच दिवशी ठरवून वहीत लिहून टाका. वहीत एका पानावर संहिता, समोरचं पान कोरं, आणि लिहायचं पेन्सिलीने. ही वही तुमच्याकडे नको, साहाय्यकाकडे हवी. तुम्ही भूमिकेत शिरलात की काल काय ठरलं होतं ते तुम्हाला आठवणार नाही.

भूमिकेत शिरताना

साधारण पंचविसाव्या तालमीपासून प्रॉक्सी काढा आणि त्या माणसाला तुमच्या खुर्चीत बसवा. तुमची जागा त्याला आतून माहीत असते, त्यामुळे तुम्ही कुठे चुकलात ते त्याला पटकन दिसतं.

या टप्प्यावर हमखास दिसणारी चूक म्हणजे समोरचा नट बोलत असताना दिग्दर्शकाचे ओठ त्याच्या वाक्याबरोबर हलतात. अगदी बारीक, पण तिसऱ्या रांगेतूनही कळतं. समोरच्याला ते सगळ्यात आधी कळतं. मग तो पात्राशी बोलायचं सोडून परीक्षा देऊ लागतो, वाक्य संपलं की तुमच्या डोळ्यांत पसंती शोधतो, आणि प्रवेश तिथेच मरतो. तो आधीच्या तालमींत नीट करत होता, आज काय झालं, असं तुम्हाला वाटतं. झालेलं असतं ते तुमच्यामुळे. यावर ‘भूमिकेत राहा’ असं स्वतःला बजावून काही होत नाही. तुमच्या पात्राला हाताने करायचं खरं काम द्या: सुपारी कातरणं, पत्रांची चळत लावणं, सदऱ्याला बटण टाकणं. कामात गुंतलेला माणूस दुसऱ्याची वाक्यं म्हणत बसत नाही. शिवाय बाहेर बसलेल्याला सांगून ठेवा, ओठ हलले की वहीत वेळ लिही.

त्या माणसाला ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘छान वाटलं’ यापलीकडे उत्तर येत नाही. विचारायचं ते एवढंच: कोणतं वाक्य ऐकू आलं नाही, कोण कोणाच्या आड गेला, आणि कुठे तुझं लक्ष भलतीकडे गेलं. तालीम संपल्यावर १५ मिनिटांत, त्याच रात्री. रचनेबद्दलच्या सूचना सगळ्यांसमोर घ्या, तुमच्या अभिनयाबद्दलच्या एकट्याने. मोबाइलवर चित्रीकरण करायचं तर संपूर्ण रंगमंच दिसेल अशी एकच स्थिर चौकट धरा आणि ते आवाज बंद करून एकदाच बघा. रचना त्यात कळते. विरामांचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नका; भरलेल्या प्रेक्षागृहात योग्य वाटणारा विराम मोबाइलवर लांबलेला वाटतो, आणि तो कापून तुम्ही चांगला प्रवेश बिघडवून ठेवता.

प्रकाशयोजना लावताना प्रॉक्सीला परत तुमच्या जागी उभं करा. हे बरेच जण विसरतात आणि नाटकात सगळ्यात अंधारात दिग्दर्शकच उभा राहतो. प्रत्येक क्यूला, म्हणजे प्रकाश बदलायच्या खुणेला, क्रमांक, कोणत्या शब्दावर, काय बदलायचं आणि किती सेकंदांत, हे चारही लिहून ठेवा. तिसरी घंटा झाली की सूत्रं रंगमंच व्यवस्थापकाची. एखादा ब्लॅकआउट चुकला तर रंगमंचावरून विंगेत डोळे वटारू नका. प्रेक्षकाला चूक कळलेली नसते, ती तुमच्या मानेवरून कळते.

कॅमेऱ्यासमोर

नाटकातून पडद्यावर जाणाऱ्यांनी हा प्रश्न सोबत नेलेला आहे. अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये ‘आक्रीत’ दिग्दर्शित केला तेव्हा प्रमुख भूमिकाही त्यांचीच होती. पुढे ‘बनगरवाडी’सारख्या चित्रपटांत ते कॅमेऱ्याच्या मागेच राहिले. सेटवर बाहेरची खुर्ची मॉनिटरपुढे असते आणि मोह असतो तो प्रत्येक टेकनंतर धावत जाऊन बघण्याचा. हिशेब करा: २ मिनिटांचा टेक बघायला २ मिनिटं, जाऊन येऊन परत जागेवर उभं राहायला आणखी ३. १० टेकना ५० मिनिटं गेली, आणि तेवढ्यात बाहेरचा उजेडही बदलला. स्वतःचे ३ टेक सलग घ्या, मग एकदाच बघा. समोरच्याचा क्लोजअप असेल तेव्हा मॉनिटर साहाय्यकावर सोडा आणि लेन्सच्या अगदी बाजूला बसून त्याला खरी नजर द्या.

‘कट’ म्हणणंही साहाय्यकाकडे द्या. ज्याला स्वतः कट म्हणायचं असतं तो शेवटच्या वाक्याच्या आधीच पात्रातून बाहेर आलेला असतो: खांदे सैल पडतात, नजर किंचित कॅमेरामनकडे वळते, आणि संकलनात नेमके तेच दोन सेकंद हवे असतात. वाक्य संपल्यावर साहाय्यकाने मनात तीनपर्यंत मोजावं, मगच कट म्हणावं.