पॅकर्स-मूव्हर्सचं बिल: जीएसटी कशावर लागतो आणि कशावर नाही

घर शिफ्ट करायचंय, तीन कोटेशन आलीत आणि तिन्हीच्या खाली बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" लिहिलंय, तर आधी तो एक्स्ट्रा किती ते विचारा. फोनवर ४० हजार सांगतात ते हातात येईपर्यंत ४७,२०० होतात, कारण पॅकिंग, लोडिंग, गाडी, अनलोडिंग असं सगळं एकत्र घेतलं की बहुतेक बिलांवर १८ टक्केच दिसतो.

नुसती गाडी ठरवली तर मात्र गणित वेगळं. बिल्टी (ट्रान्सपोर्टवाला माल ताब्यात घेताना देतो ती पावती) न करता सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याच्या भाड्यावर जीएसटी नाही, आणि बिल्टी करणारा ट्रान्सपोर्टवाला असला तरी जीएसटी नंबर नसलेल्या आपल्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकाला नुसत्या वाहतुकीवर माफी आहे. म्हणजे सामान थोडकं असेल, भांडी पेपरात गुंडाळायला घरचे चार हात असतील तर हमाल वेगळे आणि टेम्पो वेगळा करा, बरेच वाचतात. फ्रिज-वॉशिंग मशीन-काचेचं कपाट असेल तर नको ती हौस.

आता मूव्हरचा नंबर तपासा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. जीएसटी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर"मध्ये टाकला की नाव येतं आणि नोंदणी चालू आहे की रद्द तेही कळतं. नाव भलतंच निघालं तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही, तो नंबरशिवाय काम करू शकतो, पण मग त्याने जीएसटी लावायचाच नाही ना!

आमचं सामान पुण्याहून बेंगळुरूला जाताना ड्रायव्हरचा रात्री साडेदहाला फोन, "साहेब नाक्यावर टॅक्स मागतायत, ३ हजार गुगल पे करा". मी म्हटलं जकात, एंट्री टॅक्स सगळं १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच गेलं, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही (माल नेताना काढायचा ऑनलाइन परवाना) लागत नाही, पावती पाठव मग देतो. पावती काही आली नाही, गाडी सकाळी बरोबर पोचली.

त्याच शिफ्टिंगच्या बिलात "इन्शुरन्स ३ टक्के" होतं, २ लाखांच्या सामानावर ६ हजार, वर १८ टक्के. पॉलिसीची कॉपी मागितल्यावर ती ओळच गायब झाली. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर नसेल तर तो विमा नाही.

दुसऱ्या राज्यात जातोय म्हणून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावला तर विचारा, कारण आपण जीएसटी नोंदणी नसलेले असू तर टॅक्ससाठी सामान जिथे गाडीत चढलं तेच ठिकाण धरतात, त्यामुळे पुण्याच्या मूव्हरने पुण्यात उचललं तर केंद्राचा सीजीएसटी ९ टक्के आणि राज्याचा एसजीएसटी ९ टक्के. रक्कम तीच, पण कंपनीकडून रिइम्बर्समेंट घ्यायचं असेल तर अकाउंट्सवाले बिल परत पाठवतात.

घर ताब्यात यायला वेळ असेल आणि सामान गोडाऊनला ठेवणार असाल तर त्या भाड्यावरही १८ टक्के. महिन्याला ४ हजार म्हटलं तर तीन महिन्यांचे १४,१६० होतात. भाडं टॅक्ससकट किती, अर्धा महिना पूर्ण धरणार का, बाहेर काढताना हमाली वेगळी का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच घ्या.

"बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" ही ऑफर सगळेच देतात. टीव्हीचा स्क्रीन फुटला तर मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर काय दाखवणार?