देशी कपाशीतला मर: पेरणीआधीची तयारी

विदर्भ-मराठवाड्यात देशी कपाशी पुन्हा लावायची म्हणणाऱ्यांनी सरकीच्या आधी जमिनीचा विचार करावा. मर म्हणजे झाड सुकवणारा रोग, तो फ्युजारियम बुरशीमुळे होतो. ही बुरशी मातीत राहते, कपाशी नसली तरी वर्षानुवर्षं टिकते, आणि उभ्या पिकात एकदा शिरली की तिला बाहेर काढणारं औषध नाही. म्हणून सगळी तयारी पेरणीपूर्वीचीच.

पहिलं काम रोग ओळखण्याचं, आणि ते मागच्या हंगामाची पऱ्हाटी शेतात असतानाच करून ठेवा. सुकलेलं झाड उपटा, बुंधा विळ्यानं उभा चिरा. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या, तर मर धरा. झाड हाताला सहज निघून आलं आणि मुळाची साल कुजून सुटत असेल, तर ती मूळकुज. बीटी कपाशीत मोठ्या खंडानंतर जोराचा पाऊस पडला की उभी झाडं एकाएकी माना टाकतात, तो आकस्मिक मर. तो बुरशीचा नाही, त्याचा उपाय निराळा. भारतातली फ्युजारियमची जात मुख्यतः देशी कपाशीलाच धरते, अमेरिकन कपाशी बहुधा वाचते. शंका असेल तर मुळासकट झाड कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं.

आजारी पट्ट्याच्या कडांना काठ्या रोवा, वहीत नकाशा काढा. फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर घेतलेलं वाढीव पीक, ठेवू नका. त्या पट्ट्यातली पऱ्हाटी मुळासकट उपटून बाहेर न्या, रोटाव्हेटरनं तिथंच बारीक करू नका. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मग खोल नांगरट करून जमीन उन्हात तापू द्या. पट्टा मोठा असेल तर तिथं काही वर्षं ज्वारी घ्या. एका वर्षाच्या फेरपालटानं बुरशी संपत नाही, पण तिचा जोर ओसरतो. पाणी साचत असेल तर चर आताच काढा.

बियाणं आजारी शेतातलं नको, रोग सरकीतूनही जातो. मर सोसणारा वाण कोणता, हे अकोला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारून घ्या. खरा आधार वाणाचाच आहे, बाकीचे उपाय त्याला हातभार लावतात. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) ताजं आणा, पाकिटावरची तारीख वाचा. पेरणीच्या सुमारे पंधरा दिवस आधी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर ठेवा. एकरी साधारण एक किलो, शंभर किलो खतात. बीजप्रक्रियेला कार्बेन्डाझिम वापरणार असाल तर त्याच सरकीला ट्रायकोडर्मा चोळू नका, ते बुरशीनाशक त्यालाही मारतं. माती तपासून पालाशची कमतरता भरून काढा. युरियाचा हात आवरता ठेवा.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. डवरणी असो वा वखरणी, निरोगी भाग आधी उरका, आजारी पट्टा सगळ्यात शेवटी, आणि बांधावर येण्याआधी पासेला (अवजाराच्या पात्याला) चिकटलेली माती तिथंच खरवडून टाका. भाड्याचा ट्रॅक्टर येणार असेल तर त्याच्या फाळांची माती तुमच्या शेतात शिरण्यापूर्वी काढायला सांगा. चालक कुरकुरेल, तरी सांगाच.