विद्यार्थ्यांना आधार देताना शिक्षकांनी या चुका टाळाव्यात

मुलाचे चुकलेले उत्तर फुली मारून सोडून देणे, ही शिक्षकाची वाढ खुंटवणारी सर्वांत मोठी चूक आहे, असे मी अनुभवाने सांगते. नवी मुंबईत तुर्भे येथे दुसरीच्या वर्गावर असताना माझ्या वर्गातील एक मुलगा ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहीत असे, आणि मी त्याच्याकडून शंभरपर्यंतची उजळणी पुनःपुन्हा लिहून घेत होते. पालकसभेत त्याच्या आईशी बोलल्यावर घरात कन्नड बोलली जाते, हे मला कळले. कन्नडमध्ये ५३ ला ‘ऐवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे आधी पन्नास आणि मग तीन. मराठीत मात्र तीन आधी ऐकू येतो. तो ऐकलेल्या क्रमाने लिहीत होता, आणि त्याची ती पद्धत घरच्या भाषेत अगदी बरोबर होती.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘पन्नास तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. मराठी संख्यानामे मुलांना यायलाच हवीत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु अडलेल्या मुलासाठी ते वाचन पायरी म्हणून फार उपयोगी पडते. दशकांच्या दांड्या आणि सुटे मणी हाती देऊन आधी ‘पन्नास तीन’ आणि लगेच ‘त्रेपन्न’ असे म्हणवून घेतल्यावर त्या मुलाची अदलाबदल थांबली.

वजाबाकीतही असेच घडते. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ आले, तर मूल हातचा विसरले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेकदा ते प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्यातून वजा करत असते आणि त्याला हातच्याची गरजच जाणवलेली नसते. अशा वेळी रीत पुन्हा सांगण्याआधी ‘हे तू कसे केलेस, ते मला सांग’ असे विचारावे आणि मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवावे.

दुसरी चूक उलट टोकाची आहे. फळ्यावरचे उतरवून घ्यायला वेळ लागतो, अक्षरे गळतात, एवढ्यावरून शिक्षकाने अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील मूलभूत अडचणीचा, निष्कर्ष काढू नये. प्रथम नजर आणि श्रवण तपासून घ्यायला सांगावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार विशिष्ट अध्ययन अक्षमता ही मान्य दिव्यांगता आहे आणि परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात. मात्र निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. आपण टिपलेल्या नोंदी पालकांसोबत पाठवल्यास तज्ज्ञांना त्यांची मदत होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. हे तास केवळ प्रमाणपत्रांसाठी भरू नयेत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जाताना अडलेल्या दोन मुलांच्या वह्या सोबत न्याव्यात आणि सहकाऱ्यांना त्यांतील चुकांमागचा विचार शोधायला सांगावा. शेजारच्या वर्गातील बाईंना एखाद्या तासाला मागे बसवून केवळ त्या दोन मुलांकडेच पाहण्याची विनंती करावी. शिकवताना आपण फळ्याकडून वळेपर्यंत ती मुले काय करतात, हे आपल्याला कधीच दिसत नाही, आणि मागे बसलेल्या बाईंना ते दिसते.