शुगरची गोळी चालू आहे? मग या चुका टाळा

गेली १४ वर्षं मी शुगरच्या गोळ्या खातोय. त्यामुळे ओळखीत कुणालाही डायबिटीस निघाला की पहिला फोन मला, आणि पहिला प्रश्नही ठरलेला: "झटपट खाली कशी आणायची?" तिथेच माझं डोकं फिरतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे जेवण बदलायचं आणि गोळी तीच ठेवायची. धाकट्या मामाने हेच केलं. कुठलासा व्हिडिओ बघून त्याने रोज १६ तास उपाशी राहायला सुरुवात केली. सकाळची ग्लिमेपिराइड मात्र नेमाने चालू. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, तिला देणंघेणं नाही. चौथ्या दिवशी मामीचा फोन आला, "अरे, हे काहीतरी बरळतायत." जाऊन बघतो तर बनियन घामाने चिंब, हात थरथरतायत आणि मला माझ्या भावाच्या नावाने हाक मारतोय. मीटरवर शुगर ४८, म्हणजे धोकादायक कमी. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं, पंधरा मिनिटांनी ७६. डॉक्टरांना फोन केला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो, कारण या गोळीचा अंमल दिवसभर राहतो आणि वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते. मामाचं म्हणणं काय, तर "मला वाटलं शरीर डिटॉक्स होतंय."

मी जेवणात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारतो. आधी फोन, मग ताट. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर जास्तच सांभाळा. तिच्यासोबत पिष्टमय पदार्थ एकदम तोडले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून जिवावर बेतू शकतं, आणि मीटरवर शुगर मात्र ठीकठाक दिसते.

दुसरे महाभाग म्हणजे डायबिटीस नसताना 'तरुण राहायला' मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणारे. निरोगी माणसाचं आयुष्य त्याने वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. उलट २०१९ मधल्या एका चाचणीत वजनं उचलणाऱ्या पासष्टीपुढच्या लोकांचे स्नायू मेटफॉर्मिनवर कमी वाढले. म्हातारपणी रक्तातली साखर रिचवायला स्नायूच तर हवेत! अमेरिकेत डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठी चाचणी झाली, तिचे आकडे २००२ मध्ये आले: आहार आणि व्यायामाने डायबिटीसचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने ३१. साठीपुढच्यांत तर आहार-व्यायामाचा फायदा ७१ टक्के, गोळीचा जेमतेम. पण चालायला रोज वेळ काढावा लागतो ना, गोळी कशी एका घोटात जाते.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी१२ व्हिटॅमिन तपासून घ्या; या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात. पायाच्या मुंग्यांचं खापर दर वेळी शुगरवर फोडू नका.

आणि दर पंधरा दिवसांनी एचबीए१सी (सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) करून हताश होणाऱ्यांनो, ती लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात. तीन महिने थांबा की जरा.