जंगलात टिकायचं तर आधी तिथल्या माणसाला धरा

मार्च १९४४ ला मणिपूरच्या शांगशाकला आपल्या मराठा पलटणीची पोरं जपान्यांशी लढली, टेकडीवर पाण्याचे हाल, आणि त्या मुलखात नागा लोकांनी सैनिकांना वाटा दाखवल्या, बातम्या आणल्या, जखमी वाहिले, केवढी मोठी गोष्ट ही.

आपल्याकडंही तेच, बेळगावकडच्या खानापूरच्या रानात पावसात जाताय तर पहिलं गवळीवाड्यावर थांबा, ताक दिलं तर नको म्हणू नका, मग वाट विचारा. भांडं नसेल तर त्यांनाच विचारून हिरव्या बांबूचं एक पेर घ्या, वरचं तोंड उघडं, खालची गाठ शाबूत, पाणी भरून निखाऱ्यावर तिरकं ठेवा, ओला बांबू लगेच जळत नाही, पाणी मस्त उकळतं. जळू ओढायची नाही, नखानं बाजूनं सरकवायची. आणि डबा उघडला की वाटाड्याला आधी वाढा.