महागडा लॅपटॉप घेताय? वॉरंटी वाढवायची का ते आधी असं बघा

बिल करायला बसलं की काउंटरवरचा पोरगा हमखास विचारतोय, "सर, अजून दोन वर्षांची वॉरंटी टाकू काय?" तिथल्या तिथं हो म्हणू नका आणि नकोही म्हणू नका. हा लॅपटॉप रोज कुठं कुठं फिरणार आणि बिघडलाच तर कशानं बिघडणार, एवढं आधी ठरवा.

कारण एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे पहिल्या वर्षाची वॉरंटीच पुढं ओढलेली. मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आपोआप गेला, स्क्रीनवर रेघा आल्या, कीबोर्ड बंद पडला तर ते त्यात येतंय. हातातून पडला, चहा सांडला, व्होल्टेज वाढून जळला तर येत नाही, त्याला अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि बरेच जण दोन्ही एकच समजून बसतात. आता आपल्या बेळगावाकडचं बघा की, मे महिन्यात वळीव कडाडायला लागला की लाईट जाती-येती, आणि जूनपासून खानापूर-जांबोटीकडं पाऊस कसा लागतो ते मी सांगायला नको. माझा भाचा खानापूरहून रोज बसनं उद्यमबागला कॉलेजला येतो, गर्दीत बॅग कधी मांडीवर कधी पायाशी, एकदा बॅग अशी भिजली की लॅपटॉप उघडल्यावर कीबोर्डच्या फटीतनं पाणी आलं. वॉरंटी चालू होती, पण आत पाणी गेलंय म्हटल्यावर बोर्डाचे पैसे भरावेच लागले. नियमच तसा आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोज बस, बाईक, होस्टेल असा फिरणारा लॅपटॉप असेल तर अ‍ॅक्सिडेंटल कव्हर आधी, बाकीचं नंतर. घरात टेबलावरच राहणार असेल तर ते सोडा, त्या पैशात चांगला यूपीएस घ्या. आणि साधी वाढीव वॉरंटी कधी घ्यायची, तर लॅपटॉप पातळ आणि महाग असेल तेव्हा, कारण त्यात रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, एवढंसं काही गेलं तरी अख्खा बोर्ड बदलायला सांगतात आणि तो खर्च अंगावर येतो. मी हिशेब असा धरतो, 90 हजाराच्या मशीनला दोन वर्षं वाढवायला 8-9 हजारापर्यंत ठीक, त्याच्या वर मागत असतील तर तेच पैसे रिपेरीला बाजूला ठेवा.

घ्यायचीच तर लॅपटॉपच्या कंपनीची घ्या. दुकानाचा स्वतःचा प्लॅन असेल तर रिपेरी कोण करणार, पार्ट ओरिजिनल घालणार काय, दुसऱ्या वर्षी क्लेममधून किती कापणार, हे तोंडी नको, कागदावर दाखवा म्हणायचं. आणि घाई नसते हो, बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही वाढवून देतात, पण अ‍ॅक्सिडेंटल कव्हरला मुदत कमी असते. अ‍ॅपलकेअर प्लस (अ‍ॅपल कंपनीचं असं कव्हर) भारतात खरेदीपासून 60 दिवसांच्या आत घ्यावं लागतं, आणि ते असलं तरी पडझडीच्या प्रत्येक रिपेरीला थोडी फी भरावीच लागते.

ऑनसाइट म्हणजे इंजिनीअर घरी येणार असं लिहिलेलं असलं तरी तुमच्या पिनकोडला येतो काय हे कस्टमर केअरला आधी विचारा. बेळगाव शहरात येईल, पण खानापूरच्या 591302 ला किंवा आतल्या खेड्याला येईलच असं नाही. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतं, तर कंपनीची वॉरंटी असेल तर तिकडच्या अधिकृत सेंटरला बिनधास्त जावा, राज्य बदललं म्हणून ते नाही म्हणू शकत नाहीत. दुकानाच्या प्लॅनला मात्र हे विचारून घ्या.

बॅटरी बहुतेक वेळा एकच वर्ष कव्हर असते, वॉरंटी तीन वर्षांची असली तरी. डेटा तर कशातच येत नाही, त्यामुळं रिपेरीला द्यायच्या आधी बॅकअप घ्याच.

लॅपटॉप घरी आला की त्याच दिवशी खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, सिरियल नंबर नंतर घासून जातो, आणि तो कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. कधी कधी ती बिलाच्या आधीची दाखवते, म्हणजे दुकानात पडून होता ते दिवस तुमच्यातनं कापलेले असतात. बिल पाठवलं की दुरुस्त करून देतात. क्लेम विनाकारण नाकारला तर 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते, रक्कम 5 लाखापर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.