कॅटॅमरानला फॉइल लावताय? या चुका टाळा

पुण्याला समुद्र नाही, पण कॅटॅमरानची, म्हणजे दोन हल (धडं) जोडलेल्या बोटीची, मॉडेलं बनवणाऱ्या पोरांना तोटा नाही. सबमिशन जवळ आलं की कुणीतरी मॉडेल काखोटीला मारून येतं आणि विचारतं, "सर, फॉइल लावूनही नाक आपटतंय. अजून मोठं लावू का?" नको. फॉइल, म्हणजे बोटीचं डुलणं रोखणारा पाण्याखालचा पंख, लहान पडलंय असं क्वचितच असतं. गडबड दुसरीकडे असते, आणि ती शोधायला कंटाळा येतो म्हणून फॉइल मोठं होत जातं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे उशीर न मोजणं. नाक वर जायला लागलं की फॉइलने त्याच क्षणी खाली दाबायला हवं. ते उशिरा हललं तर दाब भलत्या वेळी पडतो. झोपाळ्याला भलत्या वेळी धक्का दिला की तो थांबायच्या ऐवजी आणखी चढतो, तसंच इथे होतं.

एका कॉलेजच्या टीमचं मॉडेल आठवतं. १:२५ प्रमाणाचं, दोन मीटर लांब, पुढे टी-फॉइल (उलट्या T आकाराचं), काम अगदी सुबक. जायरोचं (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग वायफायने काठावरच्या लॅपटॉपला जायचं, तिथे फिल्टर होऊन परत सर्व्होला (फॉइल फिरवणाऱ्या मोटरला) यायचं. स्क्रीनवर ग्राफ देखणे उमटत होते. कंट्रोल बंद असताना बोट बरी चालायची, चालू केला की समोरच्या लाटांत नाक जास्तच आपटायचं. मग गेन, म्हणजे कंट्रोलचा जोर, वाढवला. आणखी वाढवला. शेवटी फॉइलच पाण्याबाहेर आलं, मॉडेल धाडकन खाली बसलं आणि बॅटरीच्या डब्यात पाणी गेलं. टीमचा निष्कर्ष: फॉइल लहान आहे!

आता हिशेब बघा. खरी बोट ३५ नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण १८ मीटर वेगाने, ८ सेकंदांच्या लाटांवर समोरून जात असेल तर तिला लाट सुमारे ३.३ सेकंदांनी भेटते. १:२५ च्या मॉडेलवर वेळ पाचपट (२५ च्या वर्गमुळाइतकी) आखडते, म्हणजे लाट ०.६५ सेकंदाला एक. वायफाय, फिल्टर आणि स्वस्त सर्व्हो मिळून या पोरांचा उशीर होता पाव सेकंदाच्या आसपास. खऱ्या बोटीवर तो खपून गेला असता. मॉडेलवर मात्र पाव आवर्तन, म्हणजे ०.१६ सेकंद, ओलांडलं की फॉइल हालचाल दाबायच्या ऐवजी वाढवायला लागतं. गेन वाढवणं म्हणजे उलट्या दिशेने जोर लावणं. अधीर माणसाला हे सांगून पटत नाही, कारण गेनचा स्लायडर हाताशी असतो आणि उशीर दिसत नाही.

तो दिसावा म्हणून माझी सवय अगदी गावठी आहे. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावायचा, मॉडेल हाताने झटकन कलवायचं आणि हल हलल्यापासून फॉइल हलेपर्यंत फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे जेमतेम ४ मिलिसेकंद. दहा-बाराच्या वर गेलं तर मी बोट पाण्यात उतरवू देत नाही. त्या टीमने लॅपटॉप घरी ठेवला, बोर्ड बोटीतच बसवला, फिल्टर हलका केला. फॉइल तेच राहिलं.

दुसरी चूक प्रमाणाची. १९१६ सालापासूनची पाण्याची प्रयोगशाळा ज्या शहराच्या उशाला, खडकवासल्याला आहे, तिथल्या पोरांना फ्राउडचा नियम (मॉडेल आणि खऱ्या बोटीच्या वेग-वेळेचं नातं) तोंडपाठ असतो. रेनॉल्ड्स (पाण्याच्या चिकटपणाचा परिणाम किती, हे सांगणारा आकडा) मात्र परीक्षेपुरता. खऱ्या बोटीच्या दीड मीटर रुंद फॉइलचा रेनॉल्ड्स आकडा पावणेतीन कोटींच्या घरात जातो, मॉडेलच्या सहा सेंटिमीटरच्या फॉइलचा जेमतेम दोन लाखांच्या. इतक्या कमी आकड्याला फॉइलवरचा प्रवाह शांत, लॅमिनार राहतो आणि कमी कोनातच सुटतो, म्हणजे फॉइल लवकर स्टॉल होतं. पुढच्या कडेजवळ बारीक वाळूची पट्टी चिकटवा. दिसायला घाण दिसते, आणि नेमकी म्हणूनच प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी ती खरवडून काढतं.

वेग विसरू नका. स्थिर फॉइलने मिळणारं डॅम्पिंग (डुलणं जिरवणं) वेगाच्या प्रमाणात वाढतं, पण कोन बदलून मिळणारं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग निम्मा झाला की हे बळ चौथाईवर येतं, म्हणून एकच गेन सगळ्या वेगांना चालत नाही. आणि मांडव्याच्या जेट्टीबाहेर थांबलेली कॅटॅमरान डुचमळते तेव्हा जगातलं कुठलंही फॉइल तुमच्या पोटाला वाचवू शकत नाही.

बाकीच्या चुका पटापट. फॉइल मधोमध लावून पिचिंग (नाकाचं वर-खाली होणं) थांबायची वाट बघू नका, लांब तरफ हवी. टास्मानियाच्या इनकॅटने आपल्या मोठ्या बोटींवर टी-फॉइल पुढच्या मधल्या नाकाखाली दिलंय ते उगाच नाही. फॉइल पृष्ठभागाच्या फार जवळ ठेवलं तर लिफ्ट (फॉइलला मिळणारं उभं बळ) पडते आणि हवा ओढली जाते. मागून येणाऱ्या लाटांची चाचणी वगळू नका: वरच्याच ३५ नॉटला तीच ८ सेकंदांची लाट मागून असेल तर बोट तिला मागे टाकत जाते आणि आवर्तन १८ सेकंदांच्या आसपास जातं, समोरच्या लाटांवर जुळवलेला कंट्रोल तिथे गोंधळतो. स्वाथ प्रकारच्या (हल पाण्याखाली बुडालेल्या) बोटीत मागचे पंख हौसेचे नसतात. वेग वाढला की पाण्यात बुडालेली हल नाक फिरवू बघतात, ते पंखच धरून ठेवतात.

आणि यश सेंटिमीटरमध्ये मोजू नका. मळमळ होते ती उभ्या त्वरणाने, त्यातही ०.१७ हर्ट्झच्या आसपासच्या. १:२५ च्या मॉडेलवर हा आकडा ०.८५ होतो. रिपोर्टात पाचपैकी चार जण इथे ०.१७ च लिहून मोकळे होतात.

शेवटचं, धावांचा क्रम. आधी फॉइल काढून, मग फॉइल लावून पण कंट्रोल बंद ठेवून, मग कंट्रोल चालू करून, तिन्ही धावा एकाच लाटांवर घ्या. मधली धाव सगळे गाळतात, कारण फायद्याचा मोठा वाटा नुसत्या स्थिर फॉइलनेच दिला होता हे तिच्यात उघड होतं, आणि मग त्या कोडचं कौतुक कोण करणार?